आधी आम्हाला विचारा : संसदीय कार्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. संसदीय कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठ नागरिकांचा विषय सामाजिक न्याय खात्याचा, मग पत्र आपल्या नावाने कशाला, असं आपल्या कार्यालयात कुणी म्हणेल. मुद्दामच आपल्याला लिहितो आहे. त्या खात्याच्या दप्तरी आम्ही लाभार्थी. योजना येते, अर्ज निघतात, रांग लागते, यादी लागते. मला बोलायचंय ते त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल. विधेयकाचा मसुदा तयार होतो, समितीत एकेका शब्दावर खल होतो, तिथे आम्हाला कुणी बोलावत नाही.

मिळालं ते नाकारत नाही. 2022 मध्ये 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली, आणि कित्येक म्हातारी माणसं कुणापुढे हात न पसरता लेकीकडे जाऊन येऊ लागली. वयोश्री योजनेत 65 च्या पुढच्या गरजूंना एकरकमी 3,000 रुपये मिळाले. 1 ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, शाल-श्रीफळही मिळतं. (शाली आता पुरे झाल्या, हे मात्र कुणीतरी सांगायलाच हवं.)

पण नियम करताना विचारलं नाही की काय होतं, ते पुनर्विकासात दिसतं. गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाला पूर्वी 75 टक्के सभासदांची संमती लागे. 2019 च्या शासन निर्णयाने ती 51 टक्क्यांवर आली. अडलेल्या इमारती मार्गी लागाव्यात, हा हेतू चांगलाच. मात्र सोसायटीच्या सभेत एखादी ऐंशीची बाई हरकत घेते तेव्हा तिला काय म्हणायचंय, हे धड कुणी ऐकून घेत नाही. तिची भीती साधी असते. घर रिकामं करायचं, भाड्याच्या जागेत तीन-चार वर्षं काढायची. एकट्या म्हातारीला जागा द्यायला घरमालक का-कू करतो. अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा सामान बांधायचं, पुन्हा नवा जिना, नवा डॉक्टर, नवा दूधवाला. आणि नव्या घराची चावी मिळेपर्यंत आपण असू का, हा प्रश्न ती सभेत विचारत नाही, पण रात्री तोच तिला झोपू देत नाही. विकासकाचा करार भाड्याच्या चेकवर आणि कॉर्पस फंडावर, म्हणजे एकरकमी द्यायच्या निधीवर, येऊन थांबतो. लिफ्ट असलेलीच पर्यायी जागा, ती शोधून द्यायची जबाबदारी विकासकाची, सामान हलवायला माणसं त्याची, अशी कलमं मागणारं माणूस नियम होताना समोर बसलेलं असतं, तर ती इतकी दुर्मीळ राहिली नसती.

रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्रही तसंच. शेतात आणि भांड्यांत झिजलेला अंगठा त्यावर लागत नाही. पुसा, ओला करा, दुसरं बोट लावा. मागची रांग कुरकुरायला लागते. ओटीपीचा मार्ग आहे म्हणतात. पण तो ज्या फोनवर येतो, तो फोन मुलाच्या खिशात आणि मुलगा पुण्यात.

यावर एक ठरलेलं उत्तर असतं, की सभागृहात साठी उलटलेले आमदार कमी आहेत का? नाहीत. पण आमदाराला हयातीचा दाखला द्यायला बँकेत ताटकळावं लागत नाही, आणि प्रांतसाहेब निवडणुकीच्या कामात आहेत म्हणून मुलांकडून मागितलेल्या निर्वाहभत्त्याच्या अर्जाची तारीख पुढे गेली, असंही त्याला कुणी ऐकवत नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या 2007 च्या केंद्रीय कायद्याने असे अर्ज 90 दिवसांत निकाली काढायला सांगितलं आहे. त्याच कायद्यात निर्वाहभत्त्याला महिना 10,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे. ती काढण्यासाठी 2019 मध्ये लोकसभेत विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. ती गोष्ट दिल्लीच्या हातात, मान्य. पण तो कायदा राबवण्याचे नियम राज्य सरकारच करतं.

आम्ही विधान परिषदेत जागा मागत नाही. परिषदेच्या 78 जागांपैकी पदवीधरांना 7 आणि शिक्षकांना 7 आहेत, मग ज्येष्ठांना का नको, असा युक्तिवाद आमच्यातलेच काही करतात. मला तो पटत नाही. परिषदेची रचना अनुच्छेद 171 ने ठरली आहे, ती बदलणं संसदेच्या हातात, आणि तेवढी वाट पाहायला आमच्याकडे वेळ नाही.

मागणी याहून लहान आहे आणि ती राज्याला करता येते. कायद्याने स्थापन झालेली एक ज्येष्ठसभा हवी. 36 जिल्ह्यांतून प्रत्येकी दोन, त्यांत एक स्त्री, असे 72 सदस्य, साठीपुढच्या मतदारांनी निवडलेले. मानधन नको, प्रवासखर्च पुरे. अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी ही सभा भरावी, तिने मोजके प्रस्ताव करावेत, आणि त्यांवर सरकारने काय केलं, नसेल केलं तर का, याचं लेखी निवेदन त्याच अधिवेशनात पटलावर ठेवणं बंधनकारक असावं. सगळं बळ या शेवटच्या अटीत आहे. ती गाळलीत तर बाकीचं काही करू नका. निवेदनं द्यायला आमचे ज्येष्ठ नागरिक संघ समर्थ आहेत, आणि ती कुठे जातात तेही आम्हाला ठाऊक आहे.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात 1973 पासून अशी ज्येष्ठांची प्रतिनिधीसभा आहे. ती दरवर्षी पाच मुद्दे निवडते आणि विधिमंडळापुढे ठेवते. आपल्याकडे सूचना मागवायची सवय नाही, असंही नाही. जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा 12,000 हून अधिक सूचना आल्या होत्या. त्या विधेयकाबद्दल माझं मत काहीही असो, विधान भवनाला लोकांची टपाल घेता येते, एवढं त्यावरून दिसलं.

एक धोका मला दिसतो. ही सभा पुण्या-ठाण्यातल्या निवृत्त अधिकाऱ्यांची होऊन बसेल. आम्हाला फावला वेळ असतो, मसुदे लिहिता येतात, आणि बोलायला लागलो की थांबत नाही. पेन्शनवाला एकटाच म्हातारा नसतो. 2011 च्या जनगणनेत राज्यात साठीपुढचे सुमारे 1 कोटी 11 लाख होते. त्यांत ऊसतोडीला गेलेली आणि आता कंबर धरून बसलेली बाईही होती. गरीब वृद्धांना दरमहा मदत देणाऱ्या श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत, ही अट वर्षानुवर्षं चालत आली. महिन्याला 1,750 रुपयांत अख्खं घर कसं चालतं, ते तिला विचारावं लागेल, मला नाही. म्हणून निम्म्या जागा निवृत्तिवेतन नसलेल्यांसाठी राखून ठेवा. माझ्यासारख्यांची नाराजी होईल, ती सोसा.

पुढच्या अधिवेशनात या सभेचं विधेयक मांडावं आणि ते संयुक्त समितीकडे पाठवावं, एवढी विनंती. मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध कराल तेव्हा तो नुसता संकेतस्थळावर टाकू नका. तहसील कार्यालयात, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि एसटी स्थानकावर लावा, मोठ्या टायपात. आणि हरकतींसाठी आठवडाभर नव्हे, निदान दोन महिने द्या.

आपला,
एक ज्येष्ठ मतदार