जोएत्सूहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इथला करार मी आणखी तीन वर्षांसाठी वाढवला आहे आणि सहीही झाली आहे, तेव्हा तो विषय आता पुन्हा काढू नये, ही विनंती. पण बाबा, "ज्या गावात त्या झँपेरिनीचे हाल केले, तिथेच राहायचे आहे का तुला?" एवढेच विचारून तुम्ही फोन आईच्या हातात दिलात, तेव्हापासून माझे कामात लक्ष लागत नाही. अप्पांनंतर आपल्या घरात जपानचे नाव कसे घेतले जाते, हे मला ठाऊक आहे.

तुम्ही वाचलेत ते खरे आहे आणि त्यातले काही मी सौम्य करून सांगणार नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर धावलेला अमेरिकन लुई झँपेरिनी दुसऱ्या महायुद्धात, २७ मे १९४३ रोजी, एका हरवलेल्या विमानाच्या शोधात निघाला आणि त्याचे स्वतःचेच बी-२४ बॉम्बफेकी विमान पॅसिफिक महासागरात कोसळले. अकरांपैकी तिघे वाचले, त्यातला एक तराफ्यावरच गेला, आणि ४७ दिवसांनी मार्शल बेटांपाशी उरलेले दोघे जपान्यांच्या हाती लागले. पुढे जपानमधल्या ओफुना येथील युद्धकैद्यांच्या छावणीत कैद्यांची नावे रेड क्रॉसला कळवलीच जात नव्हती. म्हणजे जगाच्या लेखी हा माणूस कुठेच नव्हता. टोकियोच्या खाडीतल्या ओमोरी छावणीत वातानाबे नावाच्या सार्जंटने त्याला रोज वेचून मारले. रेडिओवरून जपानच्या बाजूचा प्रचार वाचून दाखवलास तर सुखात ठेवू, असे आमिष दाखवले गेले, तेही त्याने नाकारले. १९४५ मध्ये त्याला इथे, म्हणजे आज जोएत्सूचाच भाग असलेल्या नाओएत्सूच्या छावणीत आणले, तेव्हा तोच वातानाबे समोर उभा होता. एकदा त्याने झँपेरिनीला जड लाकडी तुळई डोक्यावर धरून उभे केले आणि हात खाली आले तर मारण्यासाठी पहारेकरी ठेवला.

बाबा, ती छावणी जिथे होती, तिथे नदीकाठी आज एक उद्यान आहे. झँपेरिनीच्या आधी, १९४२ च्या डिसेंबरात, इथे तीनशे ऑस्ट्रेलियन कैदी आणले होते. त्यांतले साठ जण मेले, आणि युद्धानंतर छावणीच्या आठ पहारेकऱ्यांना फाशी झाली. १९९५ मध्ये उद्यान झाले, तेव्हा त्या साठांचे स्मरण तिथे ठेवले, त्या आठांचेही. आठांबद्दल तुमच्या कपाळाला आठी पडेल, माझ्याही पडली होती. यामुळे हिशेब फिटतो असे मी म्हणत नाही. पण या गावाने ती जागा बुजवून टाकली नाही, हे मला राहण्यापुरते पुरेसे वाटते. १९९८ मध्ये नागानो ऑलिंपिकची मशाल घेऊन ऐंशी वर्षांचा झँपेरिनी याच जोएत्सूतून धावला. वातानाबेने मात्र त्याला भेटायचे नाकारले. माफी द्यायला आलेल्या माणसासमोर उभे राहण्याचेही धैर्य नसावे, याचा मला त्या तुळईपेक्षा जास्त राग येतो.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. १९४४ मध्ये अमेरिकेने त्याला मृत ठरवले, पण त्याच्या आईने ते कधीच मानले नाही. माझा ताप उतरेपर्यंत तू पदराने वारा घालत बसायचीस, डॉक्टर काहीही म्हणोत, तशीच ती. तुझी लेक मात्र अगदी सुखात आहे. बर्फ पुरुषभर पडतो हे खरे, पण खोलीत हीटर आहे, भात उत्तम मिळतो, तूरडाळ आणि तू दिलेला गोडा मसाला अजून पुरतो आहे.

आता माझे ऐका. बाबा, रात्री युद्धाची पुस्तके बंद. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर आईच्या समोर घ्यायची, नंतर घेतो म्हणून खिशात ठेवायची नाही. आई, तू गुडघ्यांची तपासणी दिवाळीपर्यंत लांबवू नकोस आणि मला "सगळे बरे आहे" असे सांगू नकोस. दोघांनी पासपोर्टची मुदत पाहून दादाला कळवावे, कारण वसंतात मी तुमची तिकिटे काढणार आहे. बाबा, उद्यानात तुम्ही माझ्याबरोबर चला. आत यायचे नसेल तर बाहेर बाकावर बसा, मी आग्रह करणार नाही.

तुमची,
चिमू