‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ पुन्हा ऐकताना

प्रिय सुध्या,

हल्ली काय ऐकतोयस, असं तू विचारलंस. हसू नकोस, पण बर्ड्स या अमेरिकन रॉक बँडची ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ ही रेकॉर्ड ऐकतोय. हो, तीच, जिला तू कॉलेजात ‘गुराख्यांची गाणी’ म्हणायचास. तुझं फारसं चुकत नव्हतं म्हणा, कव्हरवर काउबॉयच आहेत. जो मोराचं १९३३ सालचं चित्र ते.

रेकॉर्ड आली ऑगस्ट १९६८ मध्ये. बँडचा म्होरक्या रॉजर मॅग्विन, त्याच्या डोक्यात खरं तर भलतंच होतं: डोंगराळ भागातल्या जुन्या गाण्यांपासून थेट मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यापर्यंत अमेरिकन संगीताचा इतिहास, तोही दोन तबकड्यांत. मग बँडमध्ये ग्रॅम पार्सन्स आला. वय २१, जॉर्जियात वाढलेला, कंट्रीचं, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या संगीताचं, वेड डोक्यात भिनलेलं. त्याने सगळी गाडीच आपल्या रुळावर घेतली आणि मार्चमध्ये मंडळी रेकॉर्डिंगला कंट्रीची राजधानी नॅशव्हिलला हजर!

तिथे १५ मार्चला ग्रँड ओल ऑप्री या रेडिओवरच्या जुन्या कार्यक्रमात, म्हणजे कंट्रीच्या खुद्द गाभाऱ्यात, हे गायला उभे राहिले. केस वाढवलेली कॅलिफोर्नियातली पोरं बघून लोकांनी हुर्यो उडवली. त्यात दुसरं गाणं कंट्री गायक मर्ल हॅगर्डचं होणार असं जाहीर झालेलं असताना पार्सन्सने ते बाजूला ठेवलं आणि ‘आजीसाठी’ म्हणून स्वतःचं ‘हिकरी विंड’ सुरू केलं. यजमान भडकले. मला मात्र त्या पोराचं कौतुकच वाटतं. कुठलं गाणं कुठे गायचं हे त्याला नेमकं कळत होतं.

आणि याच माणसाचा आवाज रेकॉर्डवरून निम्मा गायब! आधी तो ली हेझलवूडच्या रेकॉर्ड कंपनीशी करारबद्ध होता. त्यावरून वाद निघाला आणि काही गाण्यांवर मॅग्विनने पुन्हा गायलं. शिकागोचा मॅग्विन ‘द ख्रिश्चन लाइफ’मध्ये असा काही दक्षिणी हेल काढतो की गाणं श्रद्धेने चाललंय की टिंगल, तेच कळत नाही. २००३ च्या आवृत्तीत पार्सन्सने गायलेलं आहे, ते ऐक. त्यात टिंगलीचा मागमूस नाही. रेकॉर्ड दुकानात आली तोवर तो बँड सोडून गेलाही होता.

पण सुध्या, यावेळी मी गाणाऱ्यांकडे लक्षच दिलं नाही. मी ऐकली ती पेडल स्टील. आपल्या जुन्या हिंदी गाण्यांतली हवाईयन गिटार आठवते ना? ही तिची धाकटी बहीण. टेबलासारखी समोर ठेवून, बसून वाजवतात. डाव्या हातात तारांवरून सरकवायची पोलादी कांडी, उजव्या बोटांत नख्या, पायाखाली पेडल आणि गुडघ्यांशी खटके. तार छेडल्यावर पेडल दाबलं की वाजता वाजताच तिचा सूर चढतो, आणि शेजारची तार मात्र जागची हलत नाही. कांडी सरकवली तर तिच्याखालच्या सगळ्याच तारांचे सूर बरोबर सरकतात. पेडलने मात्र एक सूर निघून जातो आणि दुसरा मागे थांबतो, ती सगळी हुरहुर त्या दोघांमधल्या अंतरात आहे.

नॅशव्हिलच्या गाण्यांत ती लॉइड ग्रीनने वाजवली. मुरलेला स्टुडिओ वादक. त्याने रीतसर विचारलं, मी कुठे कुठे वाजवू? तर ही पोरं म्हणाली, सगळीकडे! तिथल्या शिस्तीत हे कोणी म्हणत नसे. गायकाच्या दोन ओळींमधली जागा भरायची आणि गप्प बसायचं. सुटलाच मग तो. पहिलं गाणं लाव, गायक तोंड उघडायच्या आधीच ग्रीन हजर असतो.

त्या वेळी ही रेकॉर्ड फारशी खपली नाही, अमेरिकेच्या यादीत ७७ पर्यंत पोचली. कंट्रीवाल्यांना हे हिप्पी वाटले आणि हिप्पींना हे गावंढळ.

केव्हिन केलीचे ड्रम्स अजूनही मला पुळचट वाटतात, तेवढ्यावर तुझं-माझं जुनं भांडण कायम. बाकी दिवाळीत येतोयस ना? आलास की आधी पहिली बाजू लावतो, मग जेवण. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मन्या