सर्व्हरआधी लाईटचं बघा

संपादक महोदय,

फोटो, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग किंवा दुकानाचा हिशेब ठेवायला घरीच छोटा सर्व्हर बसवायचा म्हटलं, की पहिली चौकशी प्रोसेसरची होते. मराठवाड्यात ती शेवटी केली तरी चालते.

चार-पाच माणसांच्या घराला इंटेल एन१०० किंवा ऑफिसातून निघालेल्या कॉम्प्युटरमधला आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर आणि ८ ते १६ जीबी रॅम पुष्कळ झाली. गिगाबिट केबलमधून सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच जातं, त्यापुढचा वेग वायाच. अडगळीतला जुन्या कॉम्प्युटरचा टॉवर फुकट मिळतो खरा. पण नुसता बसून तो ५० वॅट खात असेल तर महिन्याला ३६ युनिट झाले. १० वॅटचा मिनी पीसी सातेक युनिटांत भागवतो. घर महावितरणच्या स्लॅबच्या काठावर असेल तर हा फरक बिलातच दिसतो. मात्र मिनी पीसीत साडेतीन इंची डिस्क मावत नाही आणि यूएसबीच्या डब्यातली डिस्क मधूनच गायब होते. दोन डिस्क लावायच्या तर ऑफिसातला जरा मोठा, आडवा डबा बघावा.

डिस्क घेताना ती 'सीएमआर', म्हणजे माहितीचे पट्टे सुटे-सुटे लिहिणारी आहे ना, हे मॉडेल नंबरवरून तपासा. 'एसएमआर' डिस्कवर पट्टे कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. मधलं थोडं बदलायचं तरी शेजारचं पुन्हा लिहावं लागतं. रेडमधली (एकच माहिती दोन डिस्कवर ठेवणाऱ्या जोडीतली) एक डिस्क गेली आणि जागी अशी डिस्क लावली, तर भरता भरता ती इतकी रेंगाळते की यंत्रणा तिलाही मेलेली समजते. जुनी डिस्क घेणार असाल तर दुकानातच स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, काढायला लावा. 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' (खराब झालेले किंवा होऊ घातलेले) सेक्टर शून्य नसतील तर परत द्या. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते.

आता लाईट. सर्व्हरला मारते ती दहा मिनिटांत चारदा गेली-आली करणारी लाईट. ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झालं तर सावरून घेणारा) यूपीएस घ्या, पण मागे यूएसबी पोर्ट असलेलाच. तो सर्व्हरला जोडून 'नट' हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं, की बॅटरी उतरायच्या आत यंत्र स्वतः नीट बंद होतं. हे केलं नाही तर यूपीएसने मरण फक्त वीस मिनिटं लांबतं. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे ओबडधोबड चौकोनी लहरींची वीज देणारा असेल तर त्याच्या मागे लावलेला यूपीएस ती लाईट बहुधा स्वीकारत नाही, टीं-टीं करत बॅटरीवरच राहतो.

जागा माळवदाखालची उत्तम, पत्र्याखालची नको. खोली ४२ अंशांवर गेली की डिस्क पन्नाशी ओलांडते. कूलरच्या झोतातही ठेवू नका. ओल आणि धूळ मिळून पंख्यावर थर बसतो.

उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घाला आणि न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मीटरने मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी वायरमन बोलवा, पिन नंतर लावा.

आपला,
एक वाचक, परभणी