भांडवलाला वयाची अट नको

नवउद्योजकांच्या स्थानिक समूहाचे नेतृत्व आणि सुरुवातीचे भांडवल तिशीच्या आतील तरुणांनाच मिळावे, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यामागची तरुणांची अस्वस्थता समजते, पण निष्कर्ष पटत नाही. अमेरिकी जनगणना विभागाच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, सर्वाधिक वेगाने वाढलेल्या, म्हणजे हजारात एक अशा, स्टार्टअपच्या संस्थापकांचे स्थापनेच्या वेळचे सरासरी वय ४५ आढळले आणि त्याच क्षेत्रातील पूर्वानुभवाने यशाची शक्यता वाढत असल्याचेही दिसले. ज्येष्ठांनी समित्यांवरील जागा वर्षानुवर्षे अडवून ठेवू नयेत, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र निधी देणाऱ्यांनी अर्जदाराची जन्मतारीख बाजूला ठेवून त्याला त्या व्यवसायाची जाण किती आहे, हे आधी तपासावे.

– एक वाचक