मंत्रिमहोदय, ते एक पानी पत्रक कुठे आहे?

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी रियाधच्या मराठी मेळाव्यात आपण आला होतात. सुट्टीच्या दिवशी वाळवंटात जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी मराठीसह सगळ्या भाषांत सूचनापत्रक काढू, असं आपण व्यासपीठावरून सांगितलंत. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. ते पत्रक आजवर कुणाच्या हाती पडलेलं नाही.

गेल्या शुक्रवारी साताऱ्याहून आलेल्या माझ्या वडिलांना, बायको-मुलीसह, जबल फिहरैनला नेलं. लोक त्याला 'एज ऑफ द वर्ल्ड' म्हणतात. रियाधपासून शंभरेक किलोमीटर, शेवटचे २५-३० किलोमीटर कच्चा, धारदार दगडांचा रस्ता. तुवैकची ही डोंगररांग सुमारे ८०० किलोमीटर पसरलीय आणि इथे तिचा कडा जवळपास ३०० मीटर सरळ खाली तुटतो. कठडा नाही. बाबा म्हणाले, "हा तर कोकणकडाच, फक्त खाली रान नाही." किती खूश होते!

जाताना एक टायर फुटलं. स्टेपनी लावून पुढे गेलो. तिथूनच परत फिरायला हवं होतं, ही चूक माझी. डिसेंबरात इथे सव्वापाचच्या आत सूर्य मावळतो. अंधारात परतताना दुसरं टायर गेलं. रेंज तर जातानाच गेली होती. ९११ वर मदत मिळते हे ठाऊक होतं, पण फोन लागेल तर ना! चौघांत सहा लिटर पाणी आणलं होतं, त्यातलं दोन लिटर उरलं होतं. बाबांचं इन्सुलिन घरच्या फ्रिजमध्ये, कारण संध्याकाळी परतायचंच होतं. थंडी इतकी की मुलीला माझ्या शर्टात गुंडाळलं. बाबा रात्रभर पाणी मागत होते आणि मी घोट मोजून देत होतो. मुलाने बापाला पाणी मोजून द्यायचं, मंत्रिमहोदय. पहाटे एक सौदी कुटुंब आलं, त्यांनी आम्हाला त्यांच्या गाडीतून शहरात आणलं. दवाखान्यात साखर चारशेच्या वर निघाली.

पत्रकात काय लिहायचं ते आता मीच सांगतो. एकट्या गाडीने जाऊ नये, दोन गाड्या हव्यात, त्याही फोर बाय फोर. दोन स्टेपन्या, हवा भरायचा पंप, टो करायचा पट्टा. माणशी पाच लिटर पाणी. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. कुठे जातोय आणि किती वाजता परतणार, हे शहरातल्या एकाला सांगून ठेवावं, म्हणजे वेळ टळली की तो फोन फिरवेल. औषधं एक दिवस जास्तीची. पावसाचे ढग दिसले तर वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, उतरूच नये, लोंढा येतो. उन्हाळ्यात जाऊच नये. हे एका पानात मावतं!

२०२४ च्या ऑगस्टमध्ये तेलंगणाचा एक तरुण आणि त्याचा सुदानी सहकारी रुब अल खालीच्या वाळवंटात अडकून दगावले. जीपीएस बंद पडलं, इंधन संपलं, फोनची बॅटरी गेली. त्यानंतर तरी हलायला हवं होतं ना कुणी? इथे आम्ही सुमारे पंचवीस लाख भारतीय आहोत. लेबर कॅम्पातली पोरं शुक्रवारी वर्गणी काढून साधी भाड्याची गाडी घेतात आणि त्याच दगडांवर घालतात. त्यांना कोण सांगणार? परदेशातले भारतीय वर्षाला १०० अब्ज डॉलरहून जास्त पैसे घरी पाठवतात, तो आकडा प्रत्येक भाषणात येतो. माणूस मात्र तुमच्या कागदावर येतो तो शवपेटी विमानात चढवायची वेळ आल्यावर. तेव्हा शिक्के, ना-हरकत, सह्या, सगळं असतं. जिवंतपणी एक पान नसतं. पक्ष कुठलाही असो, वीस वर्षांत मी हेच पाहिलं.

पत्रक मराठीत मी लिहून देतो, फुकट. ते छापून विमानतळावर आणि कॅम्पाकॅम्पात कोणत्या तारखेपर्यंत पोहोचेल, एवढं कळवा. बाबांचं परतीचं तिकीट २० तारखेचं आहे आणि डॉक्टरांनी अजून प्रवासाला होकार दिलेला नाही.

आपला,
रियाधमधला एक मराठी नोकरदार