फुटलेल्या सेफ्टी गॉगलबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: १३ एमएम हॅमर ड्रिल किटमधला गॉगल आणि बिट (भोक पाडायची सळई)

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवलाय. आता फोन करणार नाही, लेखी उत्तर हवं.

अमळनेर आणि आसपासच्या खेड्यांत टीव्ही, गिझर, वॉटर प्युरिफायर भिंतीवर बसवायचं काम मी करतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी कामं वाढतात, भाचा हाताखाली येतो. त्याच्या डोळ्यांसाठीच मी हे किट घेतलं, कारण मशीन माझ्याकडे होतंच. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'पॉलीकार्बोनेट सेफ्टी गॉगल'.

पक्क्या विटांची भिंत, ८ एमएमची गिट्टी (स्क्रू बसवायचा प्लग), हॅमर मोड. रोजचंच काम. भाचा भोक पाडत असताना तुमच्या बिटाचं कार्बाइडचं टोक निघालं आणि उडून गॉगलवर बसलं. काच बिबडीचा पापड मोडावा तशी मधोमध मोडली. घरातल्या आजी धावत आल्या, "काय व्हयनं रे, डोयाले लागनं का?" नशिबाने नाही लागलं. पॉलीकार्बोनेटला मार बसला तर खड्डा पडतो, ते असं कडाकड तुटत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. गॉगलवर ना आयएस ५९८३ हा डोळ्यांच्या संरक्षणाचा मानक क्रमांक, ना आयएसआयची खूण. मग 'सेफ्टी' हा शब्द छापला कशाच्या जोरावर?

आता तुमच्या माणसाचं बोलणं जसंच्या तसं देतो.

"सर, गॉगल कॉम्प्लिमेंटरी आहे, त्याला वॉरंटी नाही."
मी म्हटलं, डब्यावर किटमध्ये मोजलाय, पैसे किटचे घेतले.
"सर, डोळ्याला इजा झाली का?"
नाही.
"मग गॉगलने त्याचं काम केलं ना, सर."

मी गप्पच झालो. मग विचारलं, आणि लागलं असतं तर? तो म्हणाला, "तसं झालं असतं तर मेडिकल पेपर अपलोड करायचे, सर." म्हणजे पोराचा डोळा जाईपर्यंत तुमच्या लेखी तक्रारच नाही! वर, फोन ठेवण्याआधी विचारतो, "आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?" याला सेवा म्हणता?

बिटाबद्दल तर त्याने धड उत्तरही दिलं नाही. 'बिट झिजणारी वस्तू आहे' एवढंच. झिजणं वेगळं आणि नव्या बिटाचं टोक निखळून उडणं वेगळं. टोकाचं ब्रेझिंग, म्हणजे झाळून जोडण्याचं काम, नीट झालेलं नाही. तुटलेलं टोक आणि गॉगलचे तुकडे मी जपून ठेवलेत, फोटो सोबत जोडलेत.

मला नवा गॉगल नको. किटचे पूर्ण पैसे परत करा, त्या बॅचचे गॉगल आणि बिट दुकानांतून उचला आणि ज्यांनी ते विकत घेतलेत त्यांना कळवा. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात आजही तोच डबा पुढे मांडलेला आहे, आणि घेणारी बहुतेक आमच्यासारखी हातावर पोट असलेली माणसं.

उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या कंपनीचं मशीन माझ्या वडिलांनी वापरलं, म्हणूनच हे किट डोळे झाकून घेतलं होतं. गिऱ्हाईकांना तुमचं नाव सुचवणं मी आजपासून बंद केलंय.

आपला ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव