मला वर्गासमोर उभं करणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता आणि चहा टाकायला उठता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. मी योगासनं शिकवायला लागले ती तुमच्यामुळे, हे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

तुमच्याकडे मला कंबरदुखीनं आणलं. बँकेतलं दिवसभराचं बसणं अंगावर आलं होतं. कंबर हळूहळू सुधारली, तरी मी येत राहिले, कारण तोवर आसनांची गोडी लागली होती. उत्तानासनात हात जमिनीला टेकायला लागले, सर्वांगासनात स्थिर राहता यायला लागलं. यापेक्षा जास्त काही मागावं असं मनातही नव्हतं. अशात एक दिवस तुम्ही म्हणालात, "उद्यापासून मॅट घालू नकोस. मागे उभी राहा आणि बघ."

मग कित्येक महिने मी बघत होते. त्रिकोणासनात कोणाच्या मागच्या पावलाची बाहेरची कड उचलली जाते, हात खाली पोचवायच्या नादात कोणाची छाती जमिनीकडे वळते, कोणाला हाताखाली आधाराला वीट, म्हणजे विटेसारखा ठोकळा, दिली की लगेच मोकळा श्वास घेता येतो. पाठीला पोक आलेले एक आजोबा यायचे. शवासनात झोपले की त्यांची हनुवटी छताकडे जायची आणि कपाळ मागे पडायचं. तुम्ही मला खुणेनं बोलावलंत आणि घडी घातलेलं ब्लँकेट हातात दिलंत. मी ते त्यांच्या डोक्याखाली आणि मानेखाली सरकवलं. हनुवटी खाली आली. थोड्या वेळानं कपाळावरच्या आठ्या गेल्या, जबडा सैल पडला, श्वास लांबला. तुम्ही काही न बोलता पुढच्या ओळीकडे गेलात. मी मात्र तिथेच बसून राहिले. माझं स्वतःचं कुठलंही आसन छान जमल्यावर झाला नव्हता एवढा आनंद मला त्या दिवशी झाला.

नंतर तुम्ही मला बोलायला लावलंत. हात पाठीमागे बांधून, स्वतः काहीही करून न दाखवता, नुसत्या शब्दांनी त्रिकोणासन घ्यायचं. "गुडघ्याच्या वाट्या वर खेचा" म्हटलं की माणसाला नेमकं काय करायचं ते कळतं. "छाती उघडा" म्हटलं की नवी माणसं कंबर पुढे ढकलतात, म्हणून आधी पाय सांगायचे, मग धड. समोर तोंड करून उभं असताना "उजवा पाय" म्हणायचं आणि आपला डावा वळवायचा. आणि सर्वांगासनाच्या आधी पाळी कोणाची आहे, रक्तदाब कोणाला आहे, हे अशा सहजपणे विचारायचं की उत्तर देणारीला संकोच वाटू नये. हे कुठल्याच पुस्तकात मला तुमच्याइतकं नीट सापडलं नाही.

माझ्याहून वयानं आणि मानानं मोठ्या माणसांना मी काय सांगणार, असं वाटायचं. तेव्हा तुम्ही गुरुजींची, योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांची, गोष्ट सांगितलीत. १९३७ साली त्यांना डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पाठवलं तेव्हा ते जेमतेम १८ वर्षांचे होते. लहानपणच्या आजारांनी खंगलेली प्रकृती, मराठीचा गंध नाही, आणि समोर त्यांच्याहून धट्टीकट्टी माणसं. सहा महिन्यांसाठी आलेले गुरुजी २०१४ साली जाईपर्यंत पुण्याचेच राहिले. "ते उभे राहिले ना? मग तू मराठीत बोलायला का घाबरतेस?" एवढं म्हणून तुम्ही भिंतीवरचे दोर सोडवायला गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळची बॅच मी घेतली.

हल्ली महिनाभरात २०० तासांचा कोर्स उरकून लोक शिक्षक होतात. त्यांच्यातही मनापासून शिकवणारे असतील. पण मागे उभं राहून बघण्याचे ते महिने मला मिळाले नसते, तर मी कोणाच्या मानेला हात लावायला धजले नसते. घाई न केल्याबद्दल तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये माझा वर्ग झूमवर गेला. कोणाकडे विटा नव्हत्या, बोल्स्टर नव्हते. तुम्ही फोनवर एकेक सांगत गेलात: पट्ट्याच्या जागी ओढणी, विटेच्या जागी जाड पुस्तकं, बोल्स्टरच्या जागी दिवाणावरचा लोड. लोडावर सुप्त बद्धकोनासनात पडलेल्या बायका वर्ग संपला तरी उठायला तयार नसायच्या. घरातल्या घरात सगळ्यांचं करून दमलेल्या त्या बायकांना तेवढाच काय तो स्वतःचा वेळ होता. त्यातल्या बऱ्याच जणी आज समोर, माझ्या हॉलमध्ये येतात.

आता त्यांच्यातल्याच एकीला मी मॅट न घालता मागे उभं केलंय. ती रोज विचारते, "अजून किती दिवस नुसतं बघायचं?" मी तिला तुमच्याकडे पाठवणार आहे, आधीच सांगून ठेवते.

गुरुवारी संध्याकाळी माझा वर्ग नसतो. त्या दिवशी तिला घेऊन येते. खांदा आखडलेली एक नवी विद्यार्थिनी आली आहे, तिच्यासाठी खुर्चीवरचं भरद्वाजासन माझ्याकडून पुन्हा एकदा नीट करून घ्या. चहा या वेळी मी करीन.

तुमची,
सकाळच्या बॅचची विद्यार्थिनी